तळाची आशा : एक रसविचार

१

भरताने नाट्यशास्त्रात तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले आहेत. त्यांत शंका आहे, चिंता आहे, औत्सुक्य, वितर्क आणि धृती आहेत. दैन्य आणि विषादही आहेत. आशा मात्र नाही. आठ स्थायी भावांच्या यादीतही ती सापडत नाही. मानवी मनाचा इतका बारकाईने हिशेब मांडणाऱ्या परंपरेला आशेचा विसर पडला असेल, असे मानणे कठीण आहे. आशेला त्या शास्त्रात जागा आहे, पण ती कथानकाच्या रचनेत आहे. नाट्यातील कार्याच्या प्रारंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम या पाच अवस्थांपैकी मधली अवस्था आशेची आहे. दहाव्या शतकातील धनंजयाने ‘दशरूपका’त तिचे जे स्वरूप सांगितले, त्याचा आशय असा की, फळ मिळवण्याचा उपाय समोर दिसतो आणि त्याच वेळी अपायाची शंकाही मनात असते, या दोहोंच्या ओढाताणीत जी अनिश्चित अवस्था राहते, ती प्राप्त्याशा.

म्हणजे आपल्या काव्यशास्त्राच्या दृष्टीने आशा ही कार्याची अवस्था आहे आणि ती फळाची इच्छा धरणाऱ्या नायकाची असते. प्रेक्षकाच्या वाट्याला येतो तो रस. दुष्यंत आणि शकुंतला यांची पुन्हा भेट व्हावी असे सहृदयाला वाटते खरे; परंतु त्या भेटीवर त्याचे स्वतःचे सुखदुःख अवलंबून नसते. नाटक संपल्यावर तो घरी जातो.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. जो प्रेक्षक आहे, मैदानावर उतरणार नाही, चेंडूला ज्याचा पाय कधी लागणार नाही, आणि तरीही जो फळाची आशा धरून बसलेला आहे, त्याला कोणत्या वर्गात घालावयाचे? खेळाचा चाहता हा असा प्रेक्षक आहे. त्यातही फुटबॉलच्या गुणतक्त्याच्या तळाशी असलेल्या संघाचा चाहता या प्रश्नाला अधिक टोक आणतो. कारण त्याला अपेक्षित असलेले फळ हे फळ म्हणून ओळखताही येत नाही. त्याला विजेतेपद नको असते. आहे ती श्रेणी सुटू नये, एवढीच त्याची मागणी असते.

ज्या वाचकांचा या खेळाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. इंग्लंडमध्ये फुटबॉल लीग १८८८ साली सुरू झाली. १८९२ मध्ये तिला दुसरी श्रेणी जोडली गेली आणि १८९८-९९ च्या हंगामापासून वरच्या श्रेणीतील तळाचे संघ आपोआप खाली, तर खालच्या श्रेणीतील अव्वल संघ आपोआप वर, असा प्रघात पडला. यालाच रेलिगेशन म्हणतात. मराठी वृत्तपत्रे ‘खालच्या श्रेणीत घसरण’ असे म्हणतात. या एका नियमाने स्पर्धेचे कथानक दुहेरी झाले. माथ्यावर एक नाटक चालते, तळाशी दुसरे. आपल्याकडील क्रीडालेखनाने पहिल्या नाटकाची समीक्षा मनापासून केली. दुसऱ्याकडे फारसे पाहिले नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हे दुसरे नाटक आहे.

२

उदाहरण दूर जाऊन शोधण्याची गरज नाही. २०२२-२३ च्या आय-लीगमध्ये बारा संघ होते आणि प्रत्येकाला बावीस सामने खेळावयाचे होते. त्या हंगामात माथ्यावर राउंडग्लास पंजाब हा संघ राहिला आणि आय-लीग जिंकून इंडियन सुपर लीगमध्ये बढती मिळवणारा तो पहिला संघ ठरला. तळाचे जे दोन संघ खाली गेले, त्यांतील एक देशाच्या राजधानीचा होता आणि दुसरा आर्थिक राजधानीचा : सुदेवा दिल्ली आणि मुंबई केंकरे. वर्तमानपत्रांच्या दृष्टीने ही एक छोटी बातमी होती. समीक्षेच्या दृष्टीने ती एक विलक्षण रचना आहे.

विलक्षण अशासाठी की, सुदेवा दिल्लीचे आय-लीगमधील पहिले दोन हंगाम, २०२०-२१ आणि २०२१-२२, दिल्लीत झालेच नाहीत. महामारीमुळे ती संपूर्ण स्पर्धा बंगालमध्ये, कोलकाता आणि त्याच्या परिसरातील मैदानांवर खेळवली गेली. राष्ट्रीय लीगमध्ये दिल्लीचे नाव लावणारा संघ दिल्लीकरांनी दोन वर्षे केवळ पडद्यावर पाहिला. तिसऱ्या हंगामात तो घरी आला, उत्तर दिल्लीतील छत्रसाल स्टेडियमवर खेळू लागला, आणि त्याच हंगामात श्रेणी गमावून बसला. घरी येणे आणि खाली जाणे या दोन घटना एकाच वर्षात घडल्या.

या हंगामाचा एक प्रातिनिधिक चाहता आपण कल्पून पाहू. तो मराठी आहे, मुंबईहून बदली होऊन दिल्लीत आलेला केंद्र सरकारी कर्मचारी आहे, आणि आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत राहतो. ही वसाहत सेक्टरांच्या आकड्यांनी ओळखली जाते. ईस्ट ब्लॉक आणि वेस्ट ब्लॉक या नावांची कचेऱ्यांची रांग तिच्यातच आहे. येथे घर म्हणजे ‘क्वार्टर’. ते पदानुसार मिळते आणि निवृत्तीनंतर सोडावे लागते. निरनिराळ्या भाषांच्या लोकांनी येथे आपापले आधार उभारले आहेत. तमिळ माणसांना टेकडीवरचे मलाई मंदिर आहे, मल्याळी माणसांना अय्यप्पाचे देऊळ आहे. आपल्या चाहत्याचा आधार एक संघ आहे. किंबहुना, त्याची अडचण अशी की ते दोन संघ आहेत. मुंबईच्या कूपरेज मैदानाची सवय त्याच्या अंगात मुरलेली आहे, म्हणून केंकरे त्याचा. आणि ज्या शहरात मुले वाढत आहेत त्या शहराचा म्हणून सुदेवाही त्याचा.

सामन्याच्या दिवशी तो आर. के. पुरमच्या स्थानकावर मॅजेंटा मार्गिकेची मेट्रो धरतो, हौज खासला उतरून यलो मार्गिकेने मॉडेल टाऊनपर्यंत जातो. सबंध शहर दक्षिणेकडून उत्तरेकडे पार करून तो तळाच्या संघाला पाहावयास निघालेला असतो. हंगाम नोव्हेंबर ते मार्च असा, म्हणजे ऐन थंडीचा. संध्याकाळी परततो तेव्हा बहुधा त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नसते. एक बरोबरी, एखादा हुकलेला गोल, आणि गुणतक्त्यातील तोच क्रमांक.

विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. या अंकगणितात त्याची आशा वसलेली आहे. तळाच्या संघाचे भवितव्य केवळ स्वतःच्या खेळावर ठरत नाही; वरचा संघ दूरच्या एखाद्या मैदानावर हरला तर इथला श्वास मोकळा होतो. म्हणजे ही आशा परक्याच्या अपयशावर पोसली जाते, आणि चाहत्याला त्याची अस्पष्ट शरमही वाटते. आपल्या या मराठी चाहत्याची कोंडी तर आणखी बिकट आहे. स्पर्धेच्या रचनेनुसार सुदेवा आणि केंकरे यांची वर्षातून दोनदा गाठ पडणार. त्या दिवशी त्याने काय मागावे? एक जिंकला तर दुसरा बुडतो. बरोबरी झाली तर दोघांना मिळून तीनऐवजी दोनच गुण मिळतात, म्हणजे समेट केला तरी दोघांच्या पदरात कमीच पडते. शोकात्मिकेच्या अभ्यासकांना हा पेच ओळखीचा वाटेल. दोन्ही कर्तव्ये खरी आहेत आणि दोन्ही एकत्र निभावता येत नाहीत.

आणखी एक विशेष नोंदवला पाहिजे. आयुष्यातल्या बहुतेक आशा केव्हा मरतात ते कळत नाही. त्या हळूहळू फिकट होतात, आणि एके दिवशी लक्षात येते की आपण बऱ्याच दिवसांत तिकडे वळलेलो नाही. तळाच्या आशेचे तसे नाही. ‘गणिती शक्यता’ जोवर शिल्लक आहे तोवर ती जिवंत असते, आणि ती शक्यता कोणत्या सामन्यात, कितव्या मिनिटाला संपली, ते सांगता येते. इतक्या नेमक्या मरणवेळेची आशा साहित्यालाही क्वचितच मिळते. अशा वेळी जगभरचे चाहते लेस्टर सिटीचे उदाहरण काढतात. २०१४-१५ मध्ये तळाशी रुतलेल्या या इंग्रज संघाने शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून श्रेणी वाचवली आणि पुढच्याच वर्षी विजेतेपद मिळवले. तोच संघ २०२२-२३ मध्ये, म्हणजे दिल्ली आणि मुंबईच्या संघांबरोबरच, खाली घसरला, हे मात्र त्या दाखल्याबरोबर सांगितले जात नाही.

३

या घसरणीला आपली भाषा कसे वागवते, हे पाहणे उद्बोधक आहे. मराठी क्रीडापानावर तळाच्या संघाची बातमी येते तेव्हा बहुधा ‘नामुष्की’ हा शब्द सोबत येतो. नामुष्की ‘ओढवते’, पराभव ‘मानहानिकारक’ असतो, संघाची ‘दाणादाण’ उडते. हे शब्द रणांगणाचे आहेत, आणि त्यांच्या मुळाशी अशी समजूत आहे की पडणे म्हणजे लाज. वि. वि. करमरकरांसारख्या संपादकाने मराठी दैनिकात क्रीडापानाला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली, त्यानंतर या लेखनाची कक्षा पुष्कळ रुंदावली. तथापि पराभवाच्या शब्दकोशात फारशी भर पडली नाही.

आर. के. पुरमच्या कचेऱ्यांत बढती आणि पदावनती हे दोन शब्द रोजच्या वापरातले आहेत. तेथे बढती बहुधा सेवाज्येष्ठतेने येते आणि पदावनती ही शिक्षा असते. ती होण्यासाठी चौकशी व्हावी लागते, दोष सिद्ध व्हावा लागतो. क्रीडेतील घसरण दिसायला तशीच असली तरी मूलतः वेगळी आहे. येथे दोषारोप नाही. बारा संघांत दोन संघ तळाशी असणारच. सर्वांनी प्रामाणिकपणे आणि उत्तम खेळूनही असणार. तळ ही एक जागा आहे आणि ती दर वर्षी कोणीतरी भरावीच लागते. तिला नामुष्की म्हणणे म्हणजे रचनेचा परिणाम व्यक्तीच्या माथी मारणे होय.

मराठी कादंबरीला हा भेद पूर्वीच उमगलेला आहे, ही लक्षणीय गोष्ट होय. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर पुण्यातले शिक्षण अर्धवट टाकून गावी परततो. लौकिक हिशेबाने ती घसरणच आहे. परंतु कादंबरी तिची नामुष्की करत नाही, ती त्या परतण्याकडे कुतूहलाने पाहते. याहून जवळचे उदाहरण उद्धव शेळके यांच्या ‘धग’चे (१९६०) आहे. कौतिक ज्यासाठी झगडते ते फळ कोणते? तिला वैभव नको आहे. चाललेल्या संसाराची आणखी एक पायरी खाली जाऊ नये, पोरांच्या तोंडी घास पडत राहावा, एवढ्यासाठी ती स्वतःला जाळते. उपाय आहे आणि अपायाची शंका आहे, अशा अवस्थेत ही कादंबरी पुढे सरकते. म्हणजे ती जवळजवळ संपूर्ण प्राप्त्याशेची कादंबरी आहे. तिच्यात नियताप्ती येत नाही, फलागम तर नाहीच. तरीही कौतिकची हार वाचताना वाचकाच्या मनात लाज उभी राहत नाही. उभा राहतो तो करुण, आणि त्या करुणाच्या तळाशी उत्साह हा वीराचा स्थायी भाव तग धरून असतो.

कौतिकचा झगडा आणि एका फुटबॉल संघाची धडपड यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. तसे करणे कौतिकवर अन्याय ठरेल. मुद्दा आकृतिबंधाचा आहे. मिळवण्याची आशा आणि टिकवण्याची आशा यांचे आकृतिबंध निराळे आहेत. पहिली फळाकडे धावते. दुसरीला फळ नसते. तिला पुन्हा एक प्रारंभ हवा असतो. तळाच्या संघाचा चाहता शेवटी एवढेच मागतो की, पुढच्या हंगामाचे वेळापत्रक निघेल तेव्हा त्यात आपले नाव असावे.

४

हे एकदा ध्यानात आले, की पडणे आणि संपणे यांत फरक करावा लागतो. महाराष्ट्र आणि गोवा यांच्या फुटबॉलचा गेल्या काही दशकांचा इतिहास या फरकाचे जणू प्रात्यक्षिक आहे.

गोव्याचा डेम्पो स्पोर्ट्स क्लब पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरला : २००४-०५ आणि २००६-०७ मध्ये नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ मध्ये आय-लीगमध्ये. २००८ मध्ये तो आशियाई पातळीवरील एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला होता. हाच संघ २०१४-१५ च्या हंगामात खालच्या श्रेणीत घसरला. ॲरिस्टॉटलच्या निकषावर शोकात्मिकेला नायकाची उंची लागते. ती येथे होती. परंतु या घसरणीतला खरा विरोधाभास गुणतक्त्याच्या शेवटच्या ओळीत होता. त्या वर्षी अकरा संघ होते, आणि अगदी तळाशी डेम्पो नव्हता. तळाशी पुण्याचा भारत एफसी होता. तो संघ थेट प्रवेश घेऊन नव्याने आलेला असल्याने त्याला घसरणीपासून सूट होती. म्हणून शेवटचा राहिला आणि त्याच्या वरचा खाली गेला.

पुढे काय झाले? ज्याला पडण्यापासून अभय होते तो भारत एफसी त्याच वर्षी बंद पडला. जो पडला तो डेम्पो पुढच्याच हंगामात दुसरी श्रेणी जिंकून आला. अर्थात कथा इतकी सरळ राहिली नाही. २०१६ मध्ये भारतीय फुटबॉलच्या प्रस्तावित फेररचनेचा निषेध म्हणून गोव्यातील साळगावकर, स्पोर्टिंग आणि डेम्पो हे क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. मैदानावर मिळवलेली बढती त्यामुळे अनुभवताच आली नाही. डेम्पो पुन्हा आय-लीगमध्ये दिसला तो २०२४-२५ मध्ये, म्हणजे जवळजवळ दशकानंतर, आणि तोही दुसऱ्या श्रेणीतून पात्र ठरून. तरीही तो दिसला. गोव्यातील त्याच्या चाहत्याला दहा वर्षे धरून ठेवण्यासारखे एक नाव होते.

महाराष्ट्राच्या वाट्याला बहुतांशी दुसरा प्रकार आला. २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. तो घसरला नव्हता. मालकांनी संघ चालवणे थांबवले. पुणे एफसी २०१५ मध्ये मिटला. पुण्याचाच डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये गेला. मुंबई एफसी २०१६-१७ मध्ये तळाशी राहून खाली गेला आणि त्यानंतर बंद पडला. म्हणजे खालच्या श्रेणीचा प्रारंभही त्याने पाहिला नाही. इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटीची जागा २०१९ मध्ये हैदराबादच्या संघाने घेतली. या शेवटच्या स्पर्धेत २०१४ मधील प्रारंभापासून २०२४-२५ पर्यंत एकही संघ गुणतक्त्यावरून खाली गेला नाही, कारण तसा दरवाजाच नव्हता. तरीही संघ नाहीसे झाले.

या यादीतून एक निष्कर्ष निघतो आणि तोच या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. तळाच्या आशेचा शत्रू घसरण नाही. घसरण तिच्या नाट्याचाच एक भाग आहे. खाली गेलेल्या संघाला खालच्या श्रेणीत पुन्हा प्रारंभ मिळतो, पुन्हा प्रयत्न मिळतो. आशेला खरा धोका असतो तो निर्णयाच्या कागदाचा. त्या निर्णयामागे आर्थिक कारणे असतील, ती समजण्यासारखीही असतील. परंतु कथानकाच्या दृष्टीने पाहता तेथे रंगभूमीवर काही घडत नाही, नेपथ्याआड दिवे मालवले जातात. चाहत्याला दुःख करण्यासाठी एखादा शेवटचा सामनाही मिळत नाही. ज्या स्पर्धेत कोणी पडू शकत नाही ती वरकरणी सुरक्षित दिसते, पण तळाच्या संघाचे अखेरचे सामने तेथे अर्थशून्य होतात. भय काढून घेतले की त्याच्याबरोबर आशाही निघून जाते. धनंजयाची व्याख्या येथे तंतोतंत लागू पडते, कारण अपायाची शंका नसेल तर उरते ती प्राप्त्याशा नव्हेच.

५

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. आशा धरणारा हा प्रेक्षक सहृदय म्हणावा की नाही?

अभिनवगुप्ताने रसास्वादात येणाऱ्या सात विघ्नांचा विचार केला आहे. स्वतःच्या सुखदुःखात विवश होऊन जाणे हे त्यांतील एक. प्रेक्षक जोवर ‘माझे’ आणि ‘परक्याचे’ या भेदात अडकलेला आहे तोवर साधारणीकरण होत नाही, आणि साधारणीकरणाशिवाय रस नाही. या कसोटीवर चाहता सपशेल नापास होतो. त्याचे सर्व काही ‘माझे’ या शब्दावर उभे आहे.

निक हॉर्नबी या इंग्रज लेखकाचे ‘फीव्हर पिच’ (१९९२) हे आत्मकथन या विवशतेचा प्रामाणिक दस्तऐवज आहे. आयुष्याचे तुकडे त्याने सामन्यांच्या तारखांखाली मांडले. जणू आयुष्याला स्वतंत्र कालगणनाच नाही. परंतु त्याचा संघ आर्सेनल, म्हणजे मोठा संघ. त्या पुस्तकातील यातना विजेतेपद न मिळण्याच्या आहेत. ती मिळवण्याची आशा आहे.

आपल्या विषयाच्या अधिक जवळ जातो तो बंगाली लेखक मती नंदी. १९९१ साली ‘सादा खाम’ या कादंबरीसाठी साहित्य अकादेमी पुरस्काराने गौरवलेल्या या लेखकाने १९७०च्या दशकात ‘स्ट्रायकर’ आणि ‘स्टॉपर’ या दोन फुटबॉलकथा लिहिल्या. ‘स्टॉपर’चा नायक कमल गुहा हा वयाने उतरणीला लागलेला बचावपटू आहे आणि तो एका लहान संघाकडून खेळतो आहे. नायक म्हणून आघाडीवीराऐवजी बचावपटू निवडण्यात नंदींची दृष्टी दिसते. गोल करणे हे त्याचे काम नाही. होऊ न देणे हे त्याचे काम आहे. टिकवण्याच्या आशेला याहून योग्य नायक सापडणे कठीण. बंगालीत हे लेखन मुख्य प्रवाहातील कादंबरीकाराने केले, ही गोष्ट मराठी वाचकाने लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्याकडे क्रिकेटवर ललित लेखन विपुल झाले. फुटबॉलकडे पाहणारी मराठी दिग्दर्शकाची लक्षवेधी कृती म्हणून नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’चा (२०२२) उल्लेख करावा लागतो, परंतु तो चित्रपट हिंदी आहे, आणि नागपूरच्या झोपडपट्टीतील मुलांच्या वर चढण्याची ती कथा आहे.

या पुस्तकांच्या संदर्भात असे सुचवावेसे वाटते की, माथ्यावरच्या संघाचा चाहता आणि तळाच्या संघाचा चाहता यांची ‘विवशता’ एकाच जातीची नाही. विजेत्याच्या चाहत्याला संघाच्या यशात वाटा हवा असतो. ‘आम्ही जिंकलो’ या वाक्यातला ‘आम्ही’ त्याला मोठे करतो. तळाच्या चाहत्याला असा लाभ होत नाही. श्रेणी वाचली तरी मिरवणूक निघत नाही, वर्तमानपत्रात छायाचित्र येत नाही, शेजारच्या क्वार्टरमधल्या माणसाला कळतही नाही. त्याच्या सुखात मिरवण्यासारखे काहीच नसल्यामुळे ‘मी’पणाला तेथे थारा कमी मिळतो. खेळ चालू राहावा, एवढीच इच्छा उरते. ही इच्छा सहृदयाच्या भूमिकेच्या पुष्कळ जवळ येते. त्याला पूर्ण साधारणीकरण साधले असे म्हणता येणार नाही. पण विघ्नाच्या अलीकडे आणि रसाच्या पलीकडे अशी जी एक उंबरठ्याची जागा आहे, तिथे तो उभा असतो. प्राचीन यादीत आशेला भाव म्हणून जागा का मिळाली नाही, याचे एक संभाव्य उत्तर येथे दिसते. आशा ही एकच एक वृत्ती नाही. शंका, चिंता, औत्सुक्य, वितर्क, धृती आणि विषाद हे सहा भाव नव्वद मिनिटांत ज्या क्रमाने येतात-जातात, त्या क्रमाला आपण आशा म्हणतो.

६

या विवेचनावर एक आक्षेप घेता येईल आणि तो गंभीर आहे. तळाच्या लढतीचे असे सौंदर्यशास्त्र रचणे म्हणजे दुसऱ्याच्या संकटाचा आस्वाद घेणे नव्हे काय? संघ खाली गेला की चाहत्याचे फक्त मन दुखते. खेळाडूचे करार जातात, प्रशिक्षकाची नोकरी जाते, संघाच्या साहित्याची देखभाल करणाऱ्या माणसाचा पगार अनिश्चित होतो. प्रेक्षागृहातून करुण वाटते ते मैदानावर केवळ दैन्य असू शकते. हा आक्षेप मान्य केलाच पाहिजे. किंबहुना, म्हणूनच समीक्षेने पडणे आणि संपणे यांतला फरक आग्रहाने सांगावयास हवा. पडलेल्या संघाच्या खेळाडूला खालच्या श्रेणीत का होईना, खेळावयास मैदान असते. बंद झालेल्या संघाच्या खेळाडूला मैदानच शोधावे लागते. चाहत्याचे आणि खेळाडूचे हित येथे एकत्र येते. दोघांनाही पुढचा प्रारंभ हवा आहे.

या बाबतीत कोल्हापूरकडे पाहण्यासारखे आहे. तेथील फुटबॉल पेठांतून आणि तालमींतून वाढला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर एकमेकांविरुद्ध उभे राहतात तेव्हा एकेक पेठच खेळत असते. तेथील ईर्ष्येचे दोष आहेत आणि ते कोल्हापूरकरांना ठाऊक आहेत. परंतु तालमीचा संघ हरला, रडतखडत खेळला, तरी तो विकला जात नाही, कारण पेठ विकली जात नाही. चाहत्याच्या आशेला तेथे जमिनीचा आधार आहे. आर. के. पुरममधील आपल्या चाहत्याला तो नाही. त्याचे घर बदलीचे, त्याचे शहर दत्तक घेतलेले, आणि त्याचे दोन्ही संघ एकाच वर्षी खाली गेलेले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीत भरले, ते तालकटोरा स्टेडियममध्ये. साहित्याला क्रीडागृहाचे छप्पर मिळाले. क्रीडेला, आणि विशेषतः तिच्या तळाच्या ओळींना, साहित्याचे छप्पर अजून मिळावयाचे आहे. विजयाची वर्णने आपल्याकडे भरपूर आहेत. आता गरज आहे ती गुणतक्ता खालून वर वाचणाऱ्या लेखकाची. असा लेखक मार्चमधल्या एखाद्या संध्याकाळी, गणिती शक्यता संपल्यानंतरच्या सामन्यालाही जाऊन बसेल. त्या सामन्यात जिंकण्याहरण्याला काही अर्थ उरलेला नसतो. तरीही अकरा माणसे धावत असतात, आणि थोडे लोक मेट्रोचे दोन मार्ग बदलून ते पाहावयास आलेले असतात. ते लोक का आले आहेत, या प्रश्नापाशी त्याने आपल्या लेखनाचा प्रारंभ करावा.